टीबी रक्तात असतो का? लग्न अडलंय

कलमांच्या बागेतली, देवगड
आजोबा मुंबईला गिरणीत होते, क्षयाने गेले. आता धाकट्या भावाला झालाय. विक्रोळीला गावच्याच सहा पोरांबरोबर एका खोलीत राहायचा. गणपतीला आला तेव्हा खोकत होता, आम्ही म्हटलं प्रवासाचं असेल. आता गोळ्या चालू आहेत. इकडे माझं जमत आलेलं लग्न अडलं. मुलाची मामी म्हणाली, "त्यांच्या रक्तातच आसा ता." खरंच का? मग आजोबांच्या ताटात जेवलेले बाबा सत्तरीत ठणठणीत कसे?

रिटायर्ड लॅबवाला, कुडाळ
तीस वर्षं थुंकीच्या स्लाइड बघितल्या. जंतू हवेतून येतो, रक्तातून नाही. ताटातून तर नाहीच, भांडी वेगळी केली असतील तर एकत्र करा. वारशाने येते ती त्याला थोपवायची ताकद, कुणात कमी, कुणात जास्त. लागण झालेल्या 100 जणांत आयुष्यभरात 5 ते 10 जणच आजारी पडतात. 1930 साली जर्मनीत ल्युबेकला बीसीजीत, म्हणजे टीबीच्या लशीत, चुकून टीबीचे खरे जंतू मिसळले. सुमारे 250 तान्ह्या बाळांना ती पाजली गेली. 70 हून जास्त दगावली, बाकीची तगली. मात्रा सगळ्यांना सारखी गेली नव्हती, त्यामुळे सगळं जनुकांवर ढकलता येत नाही. पण एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा जास्त दिसलंय. त्यात पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो. कुणी जनुकीय टेस्ट करून आणा म्हणालं तर पैसे घालवू नका.

कलमांच्या बागेतली
चुलत भाऊ म्हणतो, टीबीने जनुकंच बदलतात. एपिजेनेटिक की काय ते.

रिटायर्ड लॅबवाला
जनुकं तीच राहतात, त्यांच्यावरच्या खुणा बदलतात. भजनातली पेटी बघा, पट्ट्या त्याच, कुठली दाबायची ते बदलतं. टीबीचा जंतू पेशीतल्या या खुणा स्वतःच्या सोयीने फिरवतो. उलट बीसीजी अशाच खुणांनी पेशींना सावध करते, हे 2012 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं. मामींना यातलं काही सांगू नका, भलताच अर्थ निघेल.

वेंगुर्ल्याची काकी
माझ्या घोवाक झाल्लो. सहा म्हयने एक गोळी चुकवल्यान नाय, आज होडी घेवन जाता. दोनय पोरां बरी आसत. मामीक इचार, तिच्या घरात डायबेटीस कोणाक हा? डायबेटीसान पण टीबीचो धोको वाढता. तिची सोयरीक कोणी मोडल्यान?

कलमांच्या बागेतली
काकी, हे विचारणारच! मंगळवारी मी आणि आई एक्स-रेला जातोय. बाबा म्हणतात, मला कशाला. काका, त्यांनाही न्यायचं ना?

रिटायर्ड लॅबवाला
आधी त्यांनाच. वय सत्तर आहे.