मदत हवी आहे: पूर-मदत गटासाठी मॅट्रिक्स की एक्सएमपीपी?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा साठेक जणांचा पूर-मदत गट आहे, २०१९ च्या कृष्णेच्या पुरानंतर जमलेला. गेल्या महिन्यात अ‍ॅडमिनचं चॅट-अ‍ॅपवरचं खातं अचानक बंद झालं. कारण कळलं नाही, दाद कुणाकडे मागायची तेही नाही. म्हणून आता स्वतःचा सर्व्हर ठेवायचं डोक्यात घेतलंय. मॅट्रिक्स आणि एक्सएमपीपी या चॅटच्या खुल्या पद्धती, दोन्हींत कुणालाही आपला सर्व्हर चालवून बाहेरच्या सर्व्हरवरच्यांशी बोलता येतं.

जुन्या ४ जीबी लॅपटॉपवर मॅट्रिक्सचा सिनॅप्स सर्व्हर चढवला. बाहेरच्या सर्व्हरवरच्या मोठ्या रूममध्ये (म्हणजे ग्रुपमध्ये) शिरलो की मशीन धापा टाकतं. एक्सएमपीपीचा प्रॉसडी सर्व्हर मात्र त्याच लॅपटॉपवर निवांत चालतो. (१९९९ सालचं तंत्र, पण अजून खणखणीत!) अडचण अशी की एक्सएमपीपीत ग्रुप एकाच सर्व्हरवर राहतो, माझी लाइट गेली की ग्रुपही गेला. मॅट्रिक्समध्ये रूमची प्रत सहभागी असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर असते. पुरात लाइट जाणारच, त्यामुळे मन तिकडे ओढतंय.

पण आमचे काका लोक! एकाने फोन बदलला, मॅट्रिक्सची रिकव्हरी की (जुने मेसेज नव्या फोनवर उघडायची गुप्त किल्ली) कुठे लिहिली ते आठवेना, जुने मेसेज उघडेनात. त्यांना हे कसं समजवायचं?

शिवाय मजकूर एन्क्रिप्टेड (बोलणाऱ्यांखेरीज कुणालाही न वाचता येणारा) असला तरी कोण कोणाशी कधी बोललं हे सर्व्हरवाल्याला, म्हणजे मलाच, दिसतं. गटाला हे आधीच सांगावं ना?

मिरजेतला एक मित्र दुसरा सर्व्हर ठेवायला तयार आहे. अशी जोडी कुणी चालवलीय का? आणि नेटच नसेल तेव्हा ब्लूटूथवर चालणारं ब्रायर हे चॅट-अ‍ॅप कुणी खरंच वापरून पाहिलंय?