बांधावरच्या भांडणात मृत्यू : खून की सदोष मनुष्यवध?

प्रश्न :
२०२२ साली शेताच्या बांधावरून भांडण झाले, त्यात माझ्या चुलत्यांच्या डोक्यात काठी बसली आणि चौथ्या दिवशी रुग्णालयात ते वारले. पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ (खून) खाली दोषारोपपत्र दाखल केले होते. परंतु सत्र न्यायालयाने आरोपीला कलम ३०४ (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) च्या दुसऱ्या भागाखाली दोषी धरून सात वर्षांची शिक्षा दिली. माणूस तर गेलाच, मग त्याच मृत्यूला कायदा खालच्या दर्जाचा गुन्हा कसा ठरवतो, हे चुलतीला कसे समजावून सांगावे?

उत्तर १ :
तुमच्या घरावर ओढवलेल्या प्रसंगाबद्दल मनापासून वाईट वाटले. येथे कायदा मृत्यूची नव्हे, तर मारणाऱ्याचा हेतू आणि त्याला असलेली जाणीव यांची प्रतवारी करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये पुन्नय्या खटल्यात सदोष मनुष्यवधाच्या तीन पायऱ्या मांडल्या. खून ही सर्वांत वरची. तिच्याखाली ३०४ चा पहिला भाग, ज्यात ठार मारण्याचा किंवा मृत्यू ओढवेल अशी इजा करण्याचा हेतू असतो, तरीही कृत्य खुनाच्या व्याख्येत बसत नाही. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तिसरी पायरी दुसऱ्या भागाची : तसा हेतू नसतो, पण आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो हे आरोपीला ठाऊक असते, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत यांसाठी कलम १०३ आणि १०५ आली आहेत, मात्र घटना २०२२ ची असल्याने तुमच्या प्रकरणाला जुनी दंड संहिताच लागू राहते.

उत्तर २ :
मी सत्र न्यायालयात वकिली करतो. काठी घरून आणली की जागेवरची उचलली, घाव किती, तो शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती जोराने घातला, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीत काय सांगितले, या सर्वांवरून हेतू ताडला जातो. एकच घाव म्हणजे खून नव्हे, हा समज मात्र चुकीचा आहे. १९५८ च्या विरसा सिंग खटल्यात भाल्याचा पोटावरील एकच वार होता आणि तरीही खुनाची शिक्षा कायम राहिली.

प्रश्नकर्ता :
काठी बांधावरच पडलेली होती आणि घावही एकच होता. परंतु आदल्या दिवशीही वाद झाला होता. तोच राग मनात धरून तो आला, असे आम्हाला वाटते.

उत्तर ३ :
हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ‘अचानक भांडण’ हा खुनाचा अपवाद (जो लागू झाला तर कृत्य खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरते) पूर्वनियोजन नसेल तरच लागू होतो. मुंबईच्या नानावटी खटल्यात अपवाद वेगळा, म्हणजे गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा होता. पण पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदल अधिकारी नानावटी यांनी तिला व मुलांना चित्रपटगृहात सोडून, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेऊन मग आहुजांच्या घरी जाण्यात राग शमण्याइतका वेळ गेला होता, असे धरून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये खुनाची शिक्षा कायम केली. तुमच्या चुलतीला आणखी एक गोष्ट अवश्य सांगा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ चे परंतुक (कलमाला जोडलेली अपवादात्मक तरतूद), जे आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे, पीडिताला आणि त्याच्या वारसांनाही कमी गंभीर गुन्ह्याखाली दोषी धरल्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क देते. निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा, आदल्या दिवशीच्या वादाविषयी न्यायाधीशांनी काय कारणमीमांसा केली आहे ते वकिलांसोबत बसून वाचा, आणि अपिलाचा निर्णय लांबवू नका.