मनाली की तीर्थन? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

सी-१०१: नमस्कार मंडळी. मेमध्ये सहा दिवस मनालीला चाललोय. सोबत आई, बायको आणि सात वर्षांचे चिरंजीव. एकदा तरी ट्राउट मासा पकडायचा आहे. मॉल रोडजवळचं हॉटेल बघितलंय, तिथून नदीवर चालत जाऊन गळ टाकता येईल ना? कोणी गेलंय का?

बी-४०४: मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा अगदी हेच केलं होतं. पैसे भरले नसशील तर थांब, ऑफिसातून घरी आलो की लिहितो.

सेक्रेटरी: उद्या १० ते १ टाकी साफ होणार आहे. पाणी भरून ठेवावे.

ए-२०२ काका: गरवूक मनालीक कित्याक जातंस? तारकर्लीक चल माझ्यावांगडा.

सी-१०१: काका, तारकर्ली दिवाळीत नक्की 🙏

बी-४०४: हं, आता ऐक. मनालीत बियास नदी पायथ्याशीच वाहते, पण मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळून पाणी करडं, दुधाळ होतं. ट्राउट डोळ्यांनी शिकार करतो. त्या पाण्यात त्याला तुझा स्पून दिसायचाच नाही. मी तीन दिवस काठावर उभा राहून फक्त थंडी खाल्ली. शिवाय मेमध्ये मॉल रोडची गर्दी म्हणजे आपली लक्ष्मी रोडची दिवाळी.

सी-१०१: स्पून म्हणजे जेवायचा चमचा?

बी-४०४: 😂 धातूचं चकाकणारं पान असतं, त्यालाच गळ लावलेला. पाण्यातून ओढलं की छोटा मासा पळतोय असं वाटतं.

तर, मुक्काम तीर्थन नदीच्या खोऱ्यात कर, कुल्लू जिल्ह्यातच, मनालीच्या बरंच अलीकडे. मनालीच्या व्होल्वोने औटला उतरायचं, बोगद्याच्या अलीकडे. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेव, पहाटे झोपेत बोगदा पार झाला तर परत फिरावं लागतं. (अनुभवाचे बोल.) तिथून टॅक्सीने बंजार आणि पुढे गुशैनी. तीर्थनचं पाणी बियासपेक्षा पुष्कळ नितळ. नदीकाठी होमस्टे आहेत, पहाटे पाचला दार उघडलं की समोर पाणी. मासा सकाळ-संध्याकाळ चरतो, म्हणून मुक्काम काठावरच हवा. हॉटेलच्या साडेआठच्या ब्रेकफास्टवर हे जमत नाही.

आईंचं मात्र आधी विचार. काही घरं नदीपलीकडे आहेत आणि तिथे तारेवरच्या पाळण्यात बसून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर रस्त्याकडचंच घर बघ.

सी-१०१: आई म्हणतेय पाळण्यातच बसायचंय 🤦

सी-३०१ काकू: बसू दे रे त्यांना! फोटो टाक.

बी-४०४: लायसन मत्स्य विभागाचं, दिवसाच्या हिशोबाने. वाटेत नागिनीला सरकारी ट्राउट फार्म आहे, तिथे चौकशी कर. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर बंदी, माशांचा विणीचा हंगाम असतो. पावसाळ्यात नदी फुगते, तेव्हाही जाऊ नये. आणि वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ काढायचाही नाही.

सी-१०१: हा मासा मुळात तिथला आहे का?

बी-४०४: नाही. साहेबाने आणलेला. कुल्लूत १९०९ पासून. आपल्याकडच्या कोमट नद्यांत तो जगायचा नाही, त्याला थंडगार वाहतं पाणीच लागतं. नदीत बहुतेक ब्राउन जातीचा ट्राउट मिळतो, फार्मच्या टाक्यांत रेनबो जातीचा.

एक गोष्ट मला उशिरा कळली. हा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा असतो. म्हणून खालून वर चालत जायचं, म्हणजे आपण त्याच्या पाठीमागून येतो. तुझी सावली पाण्यावर पडली की संपलं. पांढरा टी-शर्ट नको. पोराला बडबड करू दे, त्याने विशेष बिघडत नाही, पण काठावर पाय आपटू देऊ नकोस.

त्याला पाण्यात मात्र उतरवू नकोस. दगड शेवाळलेले आणि ओढ फसवी. आणि लारजी धरणाच्या खाली बियासच्या पात्रात तर कोणीच उतरायचं नाही. २०१४ च्या जूनमध्ये अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादहून आलेले २४ विद्यार्थी तिथे वाहून गेले.

सी-१०१: बापरे. नाही उतरवत.

बी-१०२: माशांची चर्चा वेगळ्या ग्रुपवर करता येईल का? आमच्याकडे चातुर्मास पाळतात.

ए-२०२ काका: चातुर्मासाक अजून अवकाश आसा वो.

ए-२०२ काका: बरां, तू किती धरलंस ता सांग.

बी-४०४: दुसऱ्या खेपेला दोन दिवसांत तीन, काका. तिन्ही सोडले. एक तर वीतभरही नव्हता, लहान सोडावाच लागतो. हात ओले करून धरायचा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मरतो.

ए-२०२ काका: दोन हजार किलोमीटर जावन मासो धरलंस आणि सोडलंस? मासो काय उसनो आणलेलो?

बी-४०४: 😄 खायचा फार्मचा. होमस्टेवाले तव्यावर मस्त करून देतात.

सी-१०१: हॉटेल कॅन्सल केलं. गुशैनीला चार रात्री, रस्त्याकडचंच घर. पाळण्यात आईला फक्त फेरी मारून आणतो. स्पून कुठून घेऊ?

बी-४०४: माझे ने, दोन आहेत. एक हरवलास तरी चालेल, झाडात अडकतोच.

ए-२०२ काका: जावच्या आधी माझ्याकडे ये. तिरफळां बांधून देतंय. थंय गावाची नाय.