मालवणला पूर्ण होडी ठरवून स्नॉर्केलिंग आणि डॉल्फिन: मदत हवी आहे

निळीशाई

नमस्कार मंडळी,

जानेवारीत मालवणला जायचं ठरतंय. आम्ही सात जण: मी, नवरा, दहा वर्षांची लेक, सासू-सासरे, आणि सिंगापूरहून येणारी नणंद व तिचा नवरा. मुक्काम तारकर्लीत, एवढंच पक्कं. बाकी सगळा आनंद आहे.

शेअरिंग बोटीने जायची इच्छा नाही. मैत्रीण गेली होती. तिने केलेलं वर्णन असं: एकाच दोराला धरून पाण्यात ओळीने माणसं, मास्कसमोर बिस्किटाचा चुरा सोडलेला, त्याभोवती मासे, फोटो, झालं, पुढचा या. आम्हाला जरा निवांतपणे बघायचंय. म्हणून एक अख्खी होडी अर्ध्या दिवसासाठी ठरवावी असा विचार आहे.

पण ठरवताना नक्की काय विचारायचं तेच कळत नाहीये. फोनवर तिघांशी बोलले. तिघांनीही "मॅडम, डॉल्फिन हंड्रेड पर्सेंट" असं सांगितलं आणि लगेच ॲडव्हान्स मागितला. कुठल्या वेळेला निघायचं विचारलं तर "तुम्ही याल तेव्हा".

शिवाय घरातल्या अपेक्षा तीन दिशांना. नणंदेने थायलंडला स्नॉर्केलिंग केलंय, तिला डॉल्फिनबरोबर पोहायचंय आणि व्हेल शार्क दिसेल का असंही विचारते आहे. नवऱ्याला पोहता येत नाही आणि चष्म्याचा नंबर मोठा. सासऱ्यांना पाण्यात उतरायचंच नाही, होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ला बघायचाय. सासूबाईंना बोट लागते, पण त्या मागे राहणार नाहीत.

साधारण खर्च, वेळ, जागा, काय टाळावं, काहीही सांगा.

---

दगडूशेट_नव्हे

एवढे पैसे घालणार असाल तर अंदमानला जा. मालवणच्या पाण्यात काय दिसतं? हिरवट धुकं.

---

मालवणी_खाजा

वरच्या दादांनी बहुतेक उधाणाच्या दिवशी पाण्यात डोकं घातलं असावं. :)

निळीशाईताई, तुम्ही "याल तेव्हा" या उत्तरावर अडखळलात ते अगदी बरोबर. मालवणात पाण्याखाली दोन हात दिसणार की स्वच्छ दिसणार हे जागेपेक्षा दिवसावर आणि वेळेवर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाण्याला ओढ असते, तळाची रेती उसळते आणि सगळं गढूळ. अष्टमी-नवमीकडे भांग असतो. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, गाळ खाली बसतो. पोहता न येणाऱ्यांनाही भांगाचे दिवस बरे, ओढ कमी असते.

आता वेळ. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. थोडं इकडे-तिकडे होतं, पण होडी ठरवायला पुरतं. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. ओहोटी लागली की कोळंबच्या आणि कर्लीच्या खाडीतलं गढूळ पाणी बाहेर पडतं, आणि खाडीच्या तोंडाजवळ असाल तर तेच तुमच्या मास्कसमोर.

तिसरी गोष्ट वारा. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं सपाट. दहा-अकरानंतर खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात. सासूबाईंचं सगळं गणित इथेच आहे.

तिन्ही जुळवा: दशमी किंवा एकादशी, दोन्ही पक्षांतली चालेल. उजाडताच होडी सुटली पाहिजे. आधी डॉल्फिन, मग नऊच्या सुमारास ऊन पाण्यात शिरायला लागलं की खडकांजवळ स्नॉर्केलिंग, आणि वारा सुटायच्या आत परत. जो होडीवाला ही तारीख ऐकून "होय, तेव्हा पाणी बरा असतला" म्हणेल, तो तुमचा माणूस. ज्याला तिथीचं काही पडलेलं नाही तो फक्त बुकिंग घेणारा एजंट आहे. तांडेलाशीच, म्हणजे होडी चालवणाऱ्याशीच, बोलायचंय असा आग्रह धरा.

आणि ता हंड्रेड पर्सेंट? डॉल्फिन नक्की दाखवतलंय असा सांगणारो एकतर खोटा बोलता, नायतर त्यांच्या पाठी होडी पळवता.

---

पेडवे_तारली

खाजा यांच्या शेवटच्या वाक्याला धरून, कारण नणंदबाईंची अपेक्षा आधीच जमिनीवर आणलेली बरी.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ सहसा दिसतात ते हिंदी महासागरी कुबड असलेले डॉल्फिन, म्हणजे हम्पबॅक. टीव्हीवर दिसतात तशा कोलांट्या हे क्वचितच मारतात. करडी पाठ वर येते, कुबडावरचा छोटा पर (पोहायचा पंख) दिसतो, श्वास सोडल्याचा फुस्स आवाज येतो आणि पुन्हा पाण्याखाली. हे उथळ पाण्यातले प्राणी. खाडीच्या तोंडाशी बोय, तारली असे मासे गोळा होतात, त्यांच्यामागे हे येतात. म्हणून देवबागचा संगम, भोगवे, निवती या बाजूला दिसण्याची शक्यता बरी. मच्छीमारांची त्यांच्यावर नाराजीही असते, कारण जाळ्यातले मासे ओढताना जाळं फाडतात.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ही जात धोक्यात असलेली म्हणून नोंदलेली आहे, आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. त्यामुळे त्यांच्याबरोबर पोहणं हा विषय बंद. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा: डॉल्फिन दिसले की वेग कमी, निदान पन्नास मीटर लांब राहायचं, इंजिन न्यूट्रलवर टाकून थांबायचं, त्यांच्या वाटेत आडवं जायचं नाही आणि पिल्लू बरोबर असेल तर मागे फिरायचं. अख्खी होडी घेण्याचा खरा फायदा हाच. शेअरिंगमध्ये पुढच्या फेरीची घाई असते आणि चार होड्या मिळून एका कळपाला घेरतात. तुमच्या होडीत घाई नसेल तर थांबलेल्या होडीजवळून ते आपण होऊन जातात, असं अनेकदा होतं.

व्हेल शार्कला 2001 मध्ये संरक्षण मिळालं. त्याचं मोठं नाव सौराष्ट्रच्या किनाऱ्याला. आपल्याकडे कधीमधी मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो आणि सोडून दिला जातो. तिकीट काढून बघायची गोष्ट नाही. कासव मात्र नशिबात असेल तर दिसेल.

---

निळीशाई

खाजा, पेडवे, तुम्ही दोघांनी माझं अर्धं काम केलंत! भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसलेय. एकादशीला सासूबाईंचा उपास असतो, म्हणजे दशमीच.

पाण्याखाली नक्की काय दिसेल? आणि किल्ल्याजवळ उतरायला परवानगी लागते का? कुठेतरी अभयारण्य असं वाचलं.

---

पेडवे_तारली

मालवण सागरी अभयारण्य, 1987 सालचं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आतबाहेरचा भाग गाभा क्षेत्र. कुठे उतरता येतं हे स्थानिक होडीवाल्यांना माहीत असतं, तरी विचारून घ्या.

दिसेल काय? खडकांवर आणि दगडांवर चिकटून वाढलेले प्रवाळ, थायलंडसारखे रंगीत बगीचे नव्हेत. पट्टेरी सार्जंट मासे, बटरफ्लाय, पोपटमासे, कपारीत एखादा गोब्रा (ग्रूपर). नीट तरंगत राहिलात तर सगळे आपण होऊन येतात. बिस्किटं, पाव टाकू देऊ नका. त्याने तेच ते चार जातींचे मासे गर्दी करतात, पाणी घाण होतं आणि लाजरे मासे आत दडून बसतात. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं गुन्हा आहे, तेही पहिल्या अनुसूचीत.

होडीवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: नांगर कुठे टाकता? "रेतीत" हे उत्तर हवं, प्रवाळावर नव्हे.

---

जेटीवरचा_काका

सुनबाई, जागांबद्दल सगळे बोलले, होडीबद्दल कोणी बोललं नाही.

पहिलं म्हणजे शिडी. छोट्या फायबर होडीतून पाण्यात उडी सगळेच मारतात. परत वर चढताना दोन जण दंडाला धरून ओढतात आणि माणूस मासळीसारखा होडीत येऊन पडतो. दहा वर्षांची मुलगी चढेल. नवरा चढेल का ते तुम्ही ठरवा. होडीला टांगायची शिडी आहे का विचारा आणि तिचा फोटो मागवा. नुसतं "आसा आसा" म्हणाला तर नसते.

दुसरं, लाइफजॅकेट. सात जणांना सात, त्यातलं एक मुलीच्या मापाचं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं की ते कानापर्यंत वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. सासऱ्यांनीही घालायचं, पाण्यात उतरोत वा न उतरोत.

तिसरं, महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आणि किती माणसांची होडी आहे तो आकडा. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. मे अखेरीला दर्या पावसाळी होऊ लागतो. जानेवारीत तसं नसतं, पण आकड्यापेक्षा एक माणूस जास्त बसवला तर उतरून यायचं, ॲडव्हान्स गेला तरी चालेल. आदल्या संध्याकाळी इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा, फुकट असतो.

डोक्यावर कापड आहे का तेही बघा. सासरे चार तास उन्हात बसणार आहेत. आणि होडीत शौचालय नसतं, हे सासूबाईंना आधी सांगा, होडीत बसल्यावर नव्हे.

---

दगडूशेट_नव्हे

बरं, अंदमान राहू दे. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाचं काय? तिथलं पाणी मालवणपेक्षा स्वच्छ असतं हे तरी मान्य करा.

---

मालवणी_खाजा

मान्य. पण नेत्राणी मुरुडेश्वरच्या पुढे, भर समुद्रात. किनाऱ्यापासून होडीने जायलाच तास-दीड तास, आणि तिथे पोचलं की खाली खोल पाणी. डायव्हिंगला उत्तम. बोट लागणाऱ्या बाई, न पोहणारा नवरा आणि दहा वर्षांची मुलगी यांना कशाला? आंग्रिया बँक या समुद्रातल्या प्रवाळांच्या उंचवट्याचं नाव कोणी काढायच्या आत सांगतो, ती विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आहे.

---

तांबडफुटी

निळीशाई, तुमच्या नवऱ्यासारखीच मी, पोहता येत नाही आणि चष्मा जाड. नंबरचे मास्क मिळतात, काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात येतात, जवळचा नंबर घेतला तर चालतो. चष्म्यावर मास्क बसत नाही, दांडीतून पाणी शिरतं. लेकीसाठी लहान मापाचा मास्क स्वतःचा न्या, भाड्याचे सैल असतात. नवऱ्याला भरघोस मिशी असेल तर मास्कच्या कडेने पाणी झिरपणारच. हा प्रश्न घरातच सोडवा. :D

मुख्य म्हणजे आधी कमरेएवढ्या पाण्यात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर, उभं राहून नळीतून श्वास घ्यायची सवय करा. तोंडाने श्वास घ्यायचा हे डोक्याला पटायला वेळ लागतो, आणि होडीतून उतरून तो धडा शिकणं वाईट. पूर्ण बाह्यांचे लायक्राचे कपडे घाला. उन्हापासून बचाव होतो आणि सकाळी ओल्या अंगाला वारा लागून हुडहुडी भरते तीही कमी होते. पायात जुने बूट हवेतच, खडकांवरची कालवं (शिंपले) ब्लेडसारखी कापतात.

सासूबाईंना बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. म्हणजे एकादशी टाळलीत ते एका अर्थी देवाचंच काम. होडीत त्यांना मागच्या बाजूला, मधोमध बसवा, नजर किनाऱ्यावर. पण इंजिनाच्या धुराच्या वाटेत नको.

---

निळीशाई

मिशीचा मुद्दा वाचून दाखवला. घरात शांतता आहे.

काल एकाशी बोलले, थेट तांडेलाशीच. मी दशमी म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "कोणी सांगितल्यान?" सात जणांना सात जॅकेटं आहेत म्हणाला, शिडीचा फोटो पाठवला, डॉल्फिनबद्दल "दिसले तर दिसले". नणंदेला हे वाक्य आवडलं नाही, मला फार आवडलं.

आता पैशाचं. तो माणशी दर सांगतोय. अख्खी होडी घेताना माणशी दर बरोबर आहे का?

---

मालवणी_खाजा

नाही. अख्खी होडी म्हणजे होडीचा दर, तासांवर. त्यात इंधन, तांडेल आणि पाण्यात तुमच्याबरोबर उतरणारा एक माणूस धरलेला हवा. हा पाण्यातला माणूस महत्त्वाचा, त्यावर घासाघीस करू नका. मास्क, नळी, जॅकेट त्यातच की वेगळे, हे लिहून घ्या. पाण्याखालचे फोटो बहुतेक ठिकाणी वेगळे. हवामानामुळे होडी सुटली नाही तर ॲडव्हान्स परत की दुसरा दिवस, हेही मेसेजवर हवं. आकडा इथे टाकत नाही, नाताळ-नववर्षाच्या आठवड्यात आणि नंतर फार फरक पडतो. तुम्हाला मिळालेला आकडा व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवा, बरोबर आहे का सांगतो.

सासऱ्यांसाठी: स्नॉर्केलिंग करणारे पाण्यात असताना ते होडीतच बसणार असतील तर होडी किल्ल्याच्या तटाकडे तोंड करून उभी करायला सांगा. किल्ल्यात उतरायचं तर दुपारी मालवणच्या जेटीवरून वेगळी बोट घ्या, त्या फेऱ्या सुरू असतात. एकाच होडीत सगळं बसवू नका, घाई होते.

---

निळीशाई

आकडा व्यनि केलाय. शेवटचा प्रश्न: आमच्या दशमीला शनिवार येतोय. चालेल?

---

मालवणी_खाजा

शनिवारी दांडीच्या किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत होड्यांची जत्रा असते. शुक्रवारची नवमी घ्या. भरती पावणेसातला, म्हणजे खडकांजवळ तासभर लवकर पोचावं लागेल, डॉल्फिनसाठी वेळ थोडा कमी मिळेल. पण भांग पक्का आणि पाण्यात गर्दी नाही. तांडेलाक आजच फोन करा, शुक्रवार अजून रिकामो असतलो. आणि आकडो बघितलंय, बरोबर आसा, घासाघीस करू नकात.