नातवंडांचे घरी फोटो: एक फ्लॅश, एक छत्री आणि सोप्यातला उजेड

प्रेषक: सभासद, ऑस्टिन

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात कोल्हापूरला जातेय. घर शिवाजी पेठेत, जुनं आहे. पुढे सोपा (पुढची बैठकीची खोली), वर लाकडी तक्तपोशी, भिंतींना पोपटी डिस्टेंपर, उत्तरेला गजांची एक मोठी खिडकी. नातू सात महिन्यांचा, नात चार वर्षांची. दोघांचे नीट फोटो घरातच काढायचे आहेत, आणि एक पणजीबरोबर. कॅमेरा, ८५ मिमीची लेन्स आणि कॅमेऱ्यावर बसणारा एक फ्लॅश आहे. अजून काय घेऊ? मुलाकडे स्टुडिओचा १२० व्होल्टचा मोठा लाइट नुसता पडून आहे, तो बॅगेत टाकू का?

*

प्रेषक: सभासद, टोरांटो

काकू, तो लाइट तिथेच राहू दे. फक्त १२० व्होल्टवर चालणारा लाइट २३० व्होल्टच्या प्लगात घातला की आतला भाग जळतो, आणि त्याला पुरेल एवढा ट्रान्सफॉर्मर लाइटहून जड. चार्जरची काळजी नको. त्यावर बारीक अक्षरात ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असलं तर नुसता पिनांचा अडॅप्टर पुरतो.

तुमच्या फ्लॅशला एक रेडिओ ट्रिगर घ्या (कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश बिनतारी उडवतो तो), ४३ इंची पांढरी छत्री (जिच्यातून उजेड आरपार जातो ती, चंदेरी अस्तराची नको), फ्लॅश आणि छत्री एकत्र धरणारा ब्रॅकेट, आणि सात फुटी स्टँड. पेन्सिल सेल रिचार्जेबल, निकेल-मेटल हायड्राइडचे, आठ. चार फ्लॅशमध्ये, चार तयार. ते आणि कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी केबिन बॅगेत ठेवा. एवढ्यात सगळं होतं.

पण आधी खिडकी वापरा, फ्लॅश नंतर. डिसेंबरात कोल्हापूरला भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ५० अंशांवरच असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतून ऊन कधीच आत येत नाही. दहापासून तीनपर्यंत एकसारखा, मऊ उजेड मिळतो. मुलांना खिडकीपासून तीन-चार फुटांवर, खिडकी त्यांच्या एका बाजूला येईल असं बसवा. दुसऱ्या गालावर सावली फार गडद पडली तर त्या बाजूला दोन फुटांवर पांढरा जाड कार्डशीट उभा करा. तो जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की पुन्हा गडद होते. चेहऱ्याकडे बघत बघत सरकवा.

बाळाचे काही फोटो उताणं ठेवून घ्याल, आणि सगळ्यात जास्त फोटो तिथेच बिघडतात. दुपट्यावर ठेवताना सहज पाय खिडकीकडे होतात. मग उजेड हनुवटीखालून वर चढतो, नाकपुड्या उजळतात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि गोड चेहरा भेसूर दिसतो. डोकं खिडकीकडे करा आणि दुपटं थोडं तिरकं फिरवा, म्हणजे उजेड कपाळावरून गालाकडे आणि तिथून हनुवटीकडे उतरेल. बरोबर जमलंय की नाही ते नाकाच्या सावलीवरून कळतं. ती ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेनं खाली पडायला हवी. दुसरी खूण बुबुळात: खिडकीचा चौकोन वरच्या अर्ध्या भागात चमकला पाहिजे.

आता फ्लॅश. संध्याकाळी किंवा नात पळायला लागली की तो लागणारच.

छत्री मुलाच्या चेहऱ्यापासून चार फुटांवर, समोरून ४५ अंश बाजूला, डोळ्यांच्या फूट-दीड फूट वर, खाली झुकलेली. कॅमेरा मॅन्युअलवर: शटर १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/५.६, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००. फ्लॅशही मॅन्युअलवर, १/३२ पॉवर, म्हणजे पूर्ण ताकदीचा बत्तिसावा भाग. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा, तो जवळजवळ काळा आला पाहिजे. काळा आला नाही तर घरातल्या दिव्यांचा किंवा खिडकीचा उजेड मिसळतोय, ते दिवे बंद करा, पडदा ओढा. मग फ्लॅश चालू करून दुसरा काढा. अंधारा वाटला तर १/१६, फार उजळ वाटला तर १/६४. शटरला हात लावू नका, फ्लॅशच्या उजेडावर त्याचा परिणाम होत नाही. आणि ते १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेलंत तर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो, कारण तेवढ्या वेगात शटरचा पडदा फ्लॅश उडतो त्या क्षणी पूर्ण उघडा नसतो.

कमी पॉवरवर फ्लॅशची चमक सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतकीच टिकते. नातीनं उडी मारली तरी केस न केस स्पष्ट येतो. पूर्ण पॉवरवर हे साधत नाही, आणि फ्लॅश पुन्हा तयार व्हायलाही कितीतरी जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मूल उठून गेलेलं असतं.

छत्री लांब नेली की उजेड मऊ होईल असं बऱ्याच जणांना वाटतं. होतं उलटं. चार फुटांवरची छत्री बाळाच्या दृष्टीनं मोठी असते म्हणून सावलीची कड विरघळते. तीच आठ फुटांवर नेली तर ती लहान होते, सावली धारदार होते, शिवाय उजेड चौथाई उरतो.

शेवटचं लेन्सबद्दल. ८५ मिमी एफ/१.८ वर उघडण्याचा मोह होईल. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून तेव्हा जेमतेम तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, म्हणजे जवळचा डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ. रांगत्या बाळाला एफ/५.६ च बरं. फोकस सतत चालणाऱ्या मोडवर आणि जवळच्या डोळ्यावर ठेवा.

*

प्रेषक: सभासद, सध्या कोल्हापुरात

वरचं सगळं बरोबर. त्यात इथल्या घरांचं थोडं घालतो.

काकू, पोपटी भिंत हा तुमचा खरा शत्रू. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश भिंतीकडे वळवून मारलात तर गालांवर हिरवट झाक येईल, आणि ती व्हाइट बॅलन्सनं (कॅमेऱ्यातल्या रंगदुरुस्तीनं) पूर्ण जात नाही, कारण एकच बाजू हिरवी असते. फ्लॅश छतावर मारायचा तर तक्तपोशी काळपट, उजेड गिळून टाकते. आणि जो काही परत येतो तो पिवळा येतो. शेजारी कुणाच्या स्लॅबच्या घरात पांढऱ्या चुन्याचं छत असेल तर तिथे हे छान चालतं. तुमच्या सोप्यात मात्र छत्रीच. मुलांच्या ज्या अंगाला भिंत जवळ आहे तिथे पांढरी चादर दोरीवर टाका. हिरवा रंग झाकला जातो आणि रिफ्लेक्टरही होतो.

मागे काय ठेवावं? इथल्या घरात काळं घोंगडं असतंच. लोकर उजेड शोषते, चमकत नाही, म्हणून मखमल किंवा साटीनपेक्षा बरी. मुलांपासून किमान पाच फूट मागे टांगा. छत्री चार फुटांवर आणि घोंगडं नऊ फुटांवर असलं की त्यावर पाचव्या हिश्श्याइतकाच उजेड पोचतो, आणि ते गर्द काळं येतं. पांढरं झबलं आणि टोपडं त्यावर असं उठून दिसतं की दुसरं काही सजवायला नको. खणाचं कापड सुंदर असतं, पण त्याची नक्षी बाळाच्या चेहऱ्याशी भांडते. ते मांडीवर किंवा दुपट्यासारखं खाली अंथरा.

अमेरिकेहून आणलेल्या कॅमेऱ्याच्या मेनूत वीज ६० हर्ट्झवर लावलेली असते. इथे ५० हर्ट्झ आहे. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी बल्बमध्ये काढलेल्या फोटोंत आडवे पट्टे येतात ते यामुळे. व्हिडिओसाठी मेनूतला आकडा ५० करा. फ्लॅशशिवाय फोटो काढताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, १/६० किंवा १/१२५ नको.

पंखा बंद. छत्री हलकी असते, वारा लागला की शीडासारखी भरते आणि स्टँड आडवा होतो. स्टँडच्या पायांवर साखरेची तीन-चार किलोची पिशवी ठेवा, आणि पाय पूर्ण फाकवा. नातीचा हात पोचेल तिथे स्टँड नको, आणि तो कुणीतरी मोठ्यानं धरलेला असला तर उत्तम. छोट्या रिमोटमध्ये नाण्यासारखी बॅटरी असते, ती रांगत्या बाळाच्या तोंडात गेली तर फार धोक्याची. रिमोट खिशात, जमिनीवर कधीच नाही.

आणि बाळाला टेबलावर किंवा पाटावर ठेवून फोटो नको. जमिनीवर सतरंजी, त्यावर दुपटं, हाताच्या अंतरावर आई. नीट बसता येत नसेल तर लोडाला टेकवून बसवायचा हट्ट करू नका. पोटावर, कोपरांवर उठलेलं बाळ आणि तुम्ही जमिनीवर पालथे, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. त्या वयाचा यापेक्षा चांगला फोटो नाही.

*

प्रेषक: सभासद, ऑस्टिन

खूप आभार. तीन प्रश्न उरले. पणजीला चष्मा आहे आणि तो काढायचा नाही म्हणते. बाळाच्या पायात हुपरीचे चांदीचे वाळे घालायचे आहेत. आणि फ्लॅशनं बाळाचे डोळे बिघडतात असं घरात नक्की ऐकायला मिळणार. शिवाय सून विचारते, हे फोनवर जमेल का?

*

प्रेषक: सभासद, एडिसन

वहिनी, चष्म्यातली चमक कोनाची गोष्ट आहे. छत्री फूटभर वर चढवा आणि थोडी आणखी बाजूला न्या. तरीही चमकली तर चष्म्याच्या काड्या कानावर सेंटिमीटरभर उचला. काचा किंचित खाली झुकतात, प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे येत नाही, आणि फोटोत ते कळतही नाही. पणजींनी मान खाली घालू नये, हनुवटीखाली वळ्या पडतात.

तिघांच्या फोटोत छत्री मागे न्यावीच लागेल. बाळ छत्रीपासून तीन फुटांवर आणि पणजींचा चेहरा चार फुटांवर असेल तर बाळावर जवळजवळ पावणेदोन पट उजेड पडतो, आणि बाळ पांढरंफटक दिसतं. सहा आणि सात फुटांवर तोच फरक सव्वा पटीच्या थोडा वर उरतो. पॉवर १/८ पर्यंत न्यावी लागेल. अ‍ॅपर्चर एफ/८, म्हणजे तिन्ही चेहरे स्पष्ट. तेव्हा आयएसओ ८०० केलं तरी चालेल.

चांदीला उजेड दिसत नाही, उजेडाचं प्रतिबिंब दिसतं. उघड्या फ्लॅशमध्ये वाळ्यांवर एक जळका पांढरा ठिपका येतो, बाकी काळं. छत्री जवळ असली की तीच वाळ्यात लांब पांढऱ्या पट्ट्यासारखी उमटते, आणि गोलाई दिसते. हात-पायांचा वेगळा फोटो घ्या: वाळे, बिंदल्या, मनगट्या, आणि पणजींच्या बोटात बाळाची मूठ. तिथे छत्री दोन फुटांवर आणा, पॉवर १/१२८. नऊवारीच्या जरीलाही हाच नियम.

डोळ्यांबद्दल. छत्रीतून पसरलेल्या कमी पॉवरच्या फ्लॅशनं निरोगी बाळाच्या डोळ्यांना इजा होत नाही. उघडा फ्लॅश तोंडाजवळ धरू नका. बाळ दिवसांआधी झालेलं असेल आणि डोळ्यांचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. एक मात्र फोटो बघताना ध्यानात ठेवा. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशनं बाहुल्या लाल येतात, कारण उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून सरळ लेन्समध्ये परततो, ते साधं आहे. पण एकाच डोळ्याची बाहुली वेगवेगळ्या फोटोंत पुन्हा पुन्हा पांढरी किंवा पिवळसर दिसली, तर पुष्कळदा तो नुसता कोनाचा प्रकार असतो, तरी दिवस न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहान मुलांतल्या डोळ्यांच्या काही गंभीर आजारांची पहिली खूण अशी फोटोत दिसते.

फोनवर जमतं, पण खिडकीच्या उजेडात. बहुतेक फोन बाहेरच्या फ्लॅशशी जुळत नाहीत. दोनपट किंवा तीनपट लेन्स निवडा आणि दीड मीटर मागे राहा. रुंद लेन्सनं जवळ गेलं की नाक फुगतं, कान मागे पळतात. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो टोपड्याची झालर आणि बाळाचं जावळ अर्धवट पुसून टाकतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड जागेवर अडकतो, मग बोट किंचित खाली ओढा, कारण काळ्या घोंगड्यापुढे फोन चेहरा उगाच जास्त उजळवतो.

बाळाचं दूध पिऊन झोप झालेली असावी, त्यानंतरचा साधारण अर्धा तास तुमचा. छत्री, आकडे, घोंगडं, चादर सगळं आधी लावून एका उशीला टोपडं घालून तिच्यावर चाचणी फोटो काढून ठेवा. नातीला आधी घ्या, मग बाळाला, पणजींचा फोटो मधे. त्यांना फार वेळ बसवू नका.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसतो. भिंतीवर लावायला ८ बाय १२ इंचाची प्रिंट हवी असेल तर फोटो किमान २४०० बाय ३६०० पिक्सेलचा लागतो. प्रिंट मॅट कागदावर काढा. सोप्यात दार समोर असतं आणि ग्लॉसी कागदावर दाराचंच प्रतिबिंब दिसतं.