‘देवाचे बोलावणे आले’ म्हणजे नेमके काय झाले?

भाषांतरकर्ती : एका आत्मपर लेखाचे मराठी भाषांतर करताना अडले आहे. लेखिका व्यवसायाने हिशेबनीस आहे; संन्यास, दीक्षा, प्रवचन यांपैकी कशाशीही तिचा संबंध नाही. ताळेबंद जुळवता जुळवता, देव आपल्याला बोलावीत आहे असे तिला एकाएकी जाणवले, एवढाच प्रसंग. मी ‘मला देवाचे बोलावणे आले’ असे लिहिले. मसुदा वाचून थोरल्या भावाने विचारले, ‘मग पुढची पाने कोणी लिहिली?’ ‘देवाची आज्ञा झाली’ असे करून पाहिले, तर ते ‘देवाज्ञा झाली’च्या इतके जवळ गेले की बाई दुसऱ्यांदा वारल्या. जिवंत माणसाला देवाने बोलावले तर मराठीत काय म्हणावे?

बायबलचा वाचक : शब्द तयार आहे, ‘पाचारण’. मराठी बायबलमध्ये तो या अर्थाने रुळलेला आहे आणि आमच्या घरात तो रोजच्या बोलण्यातला आहे. धाकट्या बहिणीने परिचारिका होण्याचे ठरवले तेव्हा आजीने ‘तिला पाचारण झाले’ असेच म्हटले होते आणि कोणाला त्याचा अर्थ विचारावा लागला नव्हता.

भाषांतरकर्ती : आपल्या आजींच्या तोंडी तो शोभतो यात शंका नाही, परंतु मी ‘पाचारण’ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे अग्निशमन दलाचा बंब येतो, कारण वृत्तपत्रांत त्यालाच पाचारण केले जाते.

बायबलचा वाचक : वृत्तपत्रांनी शब्द बंबाला जुंपला म्हणून आम्ही तो सोडायचा काय? बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 7व्या अध्यायात, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्याच स्थितीत राहावे, असे सांगितले आहे. बोलावणे केवळ मठात जाणाऱ्यालाच येते ही समजूत मोडताना जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने याच कल्पनेचा आधार घेतला आणि चांभाराच्या व मोलकरणीच्या कामालाही तो दर्जा दिला. त्याने वापरलेला ‘बेरूफ’ हा जर्मन शब्द ‘बोलावणे’ या अर्थाचा. आज जर्मन माणूस त्याच शब्दाने ‘आपला व्यवसाय काय?’ असे विचारतो. आपल्या हिशेबनीस बाईंना याहून जवळचा शब्द कोणता मिळणार?

जुन्या पोथ्यांचा वाचक : शब्द बाहेरून आणण्याची गरजच काय, असे मला नम्रपणे विचारावेसे वाटते. (‘पाचारण’ परका आहे असे मी म्हणत नाही, त्याला दिलेला अर्थ परका आहे.) आपल्या भक्तिपरंपरेत हाक मारतो तो भक्त आणि धावतो तो देव. ‘धावा करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. उलट दिशेने हाक येते तेव्हा आपण ‘दृष्टान्त झाला’ म्हणतो. तुकोबा दुकानदारी करणारे प्रापंचिक गृहस्थ. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी जागे केले, असे ते स्वतःच सांगतात. पुढचे शब्द पाहा : ‘सांगितलें काम करावें कवित्व’. देवाने बोलावले, निवडले, असे काहीही नाही. देवाने काम सांगितले. वडीलधारे माणूस पोराला काम सांगते, तसे. ‘देवाने मला काम सांगितले’ असे लिहा आणि मोकळ्या व्हा.

भाषांतरकर्ती : हे वाचून क्षणभर प्रश्न सुटला असे वाटले, परंतु मूळ लेखात कामाचा उल्लेखच नाही. काय करायचे हे बाईंना लेख संपेपर्यंत कळत नाही, नुसते कोणीतरी बोलावते आहे एवढेच कळते. ‘काम सांगितले’ म्हटले की वाचक लगेच ‘कोणते?’ असे विचारणार.

बायबलचा वाचक : म्हणूनच मला बायबलमधील शमुवेलाची गोष्ट आठवते. रात्री मुलाला हाक ऐकू येते, ती याजक एलीचीच समजून तो धावत जातो आणि ‘मी बोलावले नाही, जा, नीज’ असे ऐकून परततो. असे तीनदा घडते, आणि हाक कोणाची हे तिसऱ्या खेपेस ओळखतो तो एली, मुलगा नव्हे. आपल्या प्रसंगाला साधा ‘हाक’ शब्दच पुरेल, असे मला आता वाटू लागले आहे.

व्युत्पत्तीचा नादी : ‘हाक’ आणि गुरे ‘हाकणे’ यांचे मूळ एकच असावे असा माझा जुना तर्क आहे. बायबलमधले संदेष्टेच पाहा : मोशे मेंढरे चारत होता, आमोसही गुराखीच. हाकणाऱ्यांना हाक यावी यात मला मोठी गंमत वाटते.

जुन्या पोथ्यांचा वाचक : गंमत म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. त्यापेक्षा ‘साद’ घ्या. ‘शब्द’चे प्राकृतात ‘सद्द’ झाले आणि त्याचे ‘साद’. ‘देवाची साद’ म्हणजे अक्षरशः देवाचा शब्द.

भाषांतरकर्ती : ‘साद’ मला कवितेत चालेल. ताळेबंदासमोर बसलेल्या बाईला कोणी साद घालते, असे लिहिताना माझाच हात अडखळतो.

व्युत्पत्तीचा नादी : तसे असेल तर ‘प्रतिसाद’ही सोडावा लागेल. संस्कृत ‘प्रति’ला प्राकृतातून आलेला ‘साद’ चिकटवून तो केलेला आहे. खरा घरचा शब्द ‘पडसाद’.

जुन्या पोथ्यांचा वाचक : आपण आता जे लिहिले, तो पडसाद समजायचा काय?

व्युत्पत्तीचा नादी : अवश्य समजावा. आणि ‘हाकणे’विषयी मी अजून माघार घेतलेली नाही.