राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) शिबिर: स्त्री-पुरुष समानतेवर गावासोबत भित्तिचित्र करायचं आहे (भिंत २४ × ६ फूट, वेंगुर्ला तालुका)

सागरवेळ
नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाचं रासेयोचं सात दिवसांचं निवासी शिबिर किनाऱ्यावरच्या एका गावात आहे. ३२ विद्यार्थी, त्यात निम्म्या मुली. शाळेच्या आवाराची भिंत मिळते आहे. आत चिरा (जांभा दगड), बाहेरून सिमेंटचा गिलावा, गिलावा तीन वर्षांपूर्वीचा. तळाच्या फूटभर भागात पांढरी पूड धरते आणि वरच्या कडेला शेवाळ वाळून काळं झालंय.

कमळ, पणती आणि ‘मुलगी शिकली’ असल्या घोषणा काढायच्या नाहीत. गावातल्या लोकांनी स्वतः केलेलं चित्र हवं. अडचणी तीन. खाऱ्या हवेत टिकणारा रंग कोणता आणि किती घ्यायचा? नेमकं काढायचं काय? आणि बायका बघायला येतात पण ब्रश हातात घेत नाहीत, त्यावर काय करायचं? शिबिरातही मुलगे आखतात आणि मुली भरतात, असं होऊ द्यायचं नाहीये.

चिरा-चुना
भिंतीचं काम शिबिरावर ठेवू नका, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरका. गिलाव्याला जिथे भेगा असतील तिथे भरलेलं नवं सिमेंट निदान २८ दिवस सुकायला हवं. ओल्या सिमेंटच्या क्षारामुळे रंगाचे फुगे येतात आणि तेवढेच ठिगळ उडतात.

पांढरी पूड म्हणजे क्षार. जमिनीतलं पाणी चिऱ्यातून वर चढतं, पृष्ठभागावर सुकतं आणि क्षार मागे राहतात. ही पूड पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जाते. कोरड्या ताठ ब्रशने खरवडा, खाली पडलेली गोळा करून लांब टाका. तळाचा एक फूट चित्रातून सोडूनच द्या आणि तिथे साधा चुना मारा. चुन्यातून ओल बाहेर पडते. प्लास्टिक इमल्शन मारलंत तर ओल अडते आणि वरचं चित्रही उचलते. भिंतीवर पुट्टी अजिबात नको, आपल्याकडे पहिल्या पावसातच तिचे पापुद्रे सुटतात.

वरचं काळं शेवाळ तारेच्या ब्रशने काढा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि चार-पाच दिवस ऊन खाऊ द्या. भिंतीचा माथा सपाट असेल तर तिथून पाणी आत उतरतं. माथ्यावर उतरता सिमेंटचा थर द्या आणि तो पुढे इंचभर काढा, म्हणजे पागोळी भिंतीवर न ओघळता खाली पडेल.

ओल तपासायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर रात्रभर लावा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर अजून थांबा.

आता प्रमाण. २४ × ५ म्हणजे १२० चौरस फूट रंगवायचं आहे. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर २ लिटर, एक हात (थर). पांढरं बाहेरचं ॲक्रिलिक इमल्शन ४ लिटर. त्यातलं अडीच लिटरच्या आसपास पायाच्या दोन हातांना जाईल. वरचे रंग प्रत्येकी १ लिटर. लिटरभर रंगात दोन हातांनी ५० ते ६० चौरस फूट होतात. गडद छटा दुकानातल्या यंत्रावर करून घ्या. पांढऱ्यात स्टेनरच्या (रंगद्रव्याच्या) बाटल्या ओतून गडद करायला गेलात तर रंग नीट सुकत नाही, हाताला लागत राहतो. गेरूचा तांबडा, पिवळी माती, गडद निळा आणि हिरवा उन्हात टिकतात. भडक गुलाबी, नारिंगी आणि लिंबू पिवळा दोन उन्हाळ्यांत फिके पडतात.

रंगात पाणी लिटरला २०० मिलीपेक्षा जास्त नको, आणि ते गोडं हवं. किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ असतात. ते पाणी घातलं तर जे क्षार खरवडून काढले तेच पुन्हा रंगात येतात. डिसेंबरात पहाटे दव पडतं, त्यामुळे दहाच्या आधी ब्रश लावू नका आणि संध्याकाळी पाचनंतर नवा हात देऊ नका.

कणा
‘काय काढायचं’ याचं उत्तर तुमच्या मापातच आहे. भिंत २४ फूट, दिवस २४ तास. एक फूट म्हणजे एक तास. डावीकडे पहाटे चारपासून सुरू करा. उरलेल्या पाच फूट उंचीत वर २ फुटांचा पट्टा गावातल्या स्त्रियांच्या दिवसाचा, खाली २ फुटांचा पुरुषांच्या दिवसाचा आणि मध्ये फूटभर पट्टी मोकळी.

शिबिराच्या पहिल्या दोन दिवसांत वाडीवाडीत जाऊन ४८ स्त्रिया आणि ४८ पुरुषांच्या चिठ्ठ्या भरा, एका चिठ्ठीत एका माणसाचा कालचा दिवस. अर्ध्या तासाचा एक रकाना, म्हणजे भिंतीवर ६ इंच रुंदी. पट्टा २४ इंच उंच आणि चिठ्ठ्या ४८, त्यामुळे प्रत्येक माणसाला अर्धा इंच उंची मिळते. सकाळी सहाच्या रकान्यात ४८ पैकी ३६ बायका घरकामात असतील तर त्या रकान्याचे तळापासून १८ इंच गेरूने भरायचे. उरलेल्यात पगाराचं किंवा पैशाचं काम पिवळं, विसावा आणि स्वतःचा वेळ हिरवा, झोप गडद निळी. असे ४८ रकाने झाले की गेरूचं क्षेत्रफळ हाच घरकामाचा एकूण वेळ होतो. चित्रकला न येणाऱ्यालाही फूटपट्टी आणि ब्रश घेऊन यात पूर्ण काम करता येतं.

ताडून बघायला देशाचे आकडे आहेत. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. ही सरासरी फक्त ते काम करणाऱ्यांची आहे, त्यामुळे सगळे पुरुष धरले तर त्यांचा आकडा आणखी खाली येतो. तुमच्या मापात २८९ मिनिटं म्हणजे वरच्या पट्ट्यात साडेनऊ चौरस फुटांहून थोडा जास्त गेरू, आणि ८८ मिनिटं म्हणजे खाली जेमतेम तीन. गावाचे स्वतःचे आकडे यापेक्षा वेगळे आले तरी गावाचेच काढा.

चिठ्ठी बिघडते ती प्रश्नामुळे. ‘तुम्ही काय काम करता?’ असं विचारलं की ‘काय नाय, घरीच असतंय’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी ‘काल उठल्यावर आधी काय केलंत? मग?’ असं क्रमाने विचारा. पाणी, चूल, पातेरा (वाळका पाला) गोळा करणं, मासे खारवून वाळत घालणं, काजूच्या बिया सोलणं, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, हे सगळं तेव्हाच बाहेर येतं. ‘रोजचा दिवस’ विचारू नका, कारण लोक असायला हवा तो दिवस सांगतात. कालवं किंवा तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्यांचा दिवस तर ओहोटीवर चालतो आणि ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. तिथे कालचाच दिवस घ्या आणि चिठ्ठीवर तिथी लिहा.

चिठ्ठीवर नाव नको, फक्त वाडी आणि स्त्री की पुरुष एवढंच. नवरा-बायकोला एकाच वेळी, एकाच ओटीवर विचारू नका. एका घराची तुलना भिंतीवर दिसली तर त्या घरात भांडण लागेल, म्हणून आकडे गावाचे एकत्रच दाखवा. आणि सगळ्या वाड्या घ्या. देवळाजवळच्या दोन वाड्यांत ४८ चिठ्ठ्या सहज भरतील, पण ते चित्र गावाचं होणार नाही.

ओटीवरून
वरच्या आखणीत एक भर. गेरू कशाला आणि पिवळा कशाला, हे विद्यार्थ्यांनी ठरवू नये. घरच्या बागेतले काजू बाईने गोळा केले, पैसे नवऱ्याच्या खात्यात आले, तर ते पिवळं की गेरू? दुपारी टीव्ही बघताना तांदूळ निवडले, तर हिरवं की गेरू? असे सात-आठ प्रश्न कागदावर घ्या, बायकांची बैठक बोलवा आणि हात वर करून निकाल घ्या. झालेले नियम भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात लिहा. ज्या बाईने नियम केला ती ब्रश घ्यायला आपसूक पुढे येते. तिला शेवटच्या दिवशी नुसतं हाताचा ठसा उमटवायला बोलावलं तर तो सहभाग फोटोपुरताच राहतो.

‘आमका खंय चित्रां काढूक येतत?’ हे ऐकायला मिळेल. त्याच बाया खळं (अंगण) सारवून त्यावर रांगोळीचे कणे (रेघांची नक्षी) सफाईने काढतात. मधली फूटभर पट्टी गेरूने रंगवून पांढऱ्या रंगासह त्यांच्याकडे द्या, पेन्सिलने काहीही आखू नका. पांढरा रंग थोडा दाट ठेवा. उभ्या भिंतीवर बोटाने ओढलेली पातळ रेघ ओघळते.

वेळ दुपारी तीन ते पाचची. सकाळी मासे घेऊन बाजार असतो, संध्याकाळी चूल. सोबत लहान मुलं येणार, त्यांना सांभाळायला दोन विद्यार्थी नेमा, आणि ते मुलगे असू देत. बैठक हळदीकुंकवाच्या निमित्ताने ठेवायचा मोह होईल. तिथे विधवा येत नाहीत किंवा येऊन मागे बसतात, आणि बऱ्याच घरांचा सगळा भार त्यांच्यावरच असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, त्याची आठवण करून देत साधं ‘बैठक’ म्हणूनच निमंत्रण द्या.

शिबिरातल्या मुलामुलींसाठी कामं पाच: मोजणी-आखणी, रंग कालवणं, भरणं, ब्रश धुणं, चहापाणी. रोज चिठ्ठ्या टाकून बदला आणि तक्ता भिंतीला लावा. तोंडी ठरवलं तर दुसऱ्या दिवसापासून फूटपट्टी मुलांकडे आणि ब्रश धुणं मुलींकडे जातं. ‘तिचं अक्षर चांगलं, त्याचा हात स्थिर’ अशी कारणं येतील, ती मान्य करू नका. आखणी शिकायला एक दुपार पुरते.

रंग वाटायला करवंट्या वापरा, एकात १०० मिली. डबा उघडा राहून साय धरत नाही आणि सांडलं तरी नुकसान थोडं. रकान्याच्या कडेला चिकटपट्टी लावलीत तर रंग ओलसर असतानाच काढा. रात्रभर ठेवली तर खाऱ्या दमट हवेत गोंद भिंतीला राहतो किंवा खालचा पांढरा थर सोबत उचलतो.

मधल्या पट्टीत चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेची) माणसं घालायची टूम निघाली, तर परस्पर नक्कल करू नका. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची ही परंपरा आजही चालू आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या कलाकाराला मानधन देऊन एक दिवस बोलवा.

सागरवेळ
खूप आभार सगळ्यांचे. ग्रामपंचायतीकडे गिलाव्याच्या डागडुजीचं आजच बोलते. एक अडचण मात्र उरते. गावात निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. त्यांचा दिवस कसा धरायचा? आणि भिंत झाल्यावर पुढे काय?

कणा
काल रात्री गावात झोपलेला पुरुषच धरा. मुंबईकराचा दिवस फोनवरून भरू नका, आणि डिसेंबरच्या सुट्टीला आलेला चाकरमानीही धरू नका, तो पाहुण्यासारखा राहतो. अशाने पुरुषांच्या ४८ चिठ्ठ्या भरायला जास्त घरं फिरावी लागतील, पहिल्या दिवसापासूनच दोन गट त्या कामाला लावा. ज्या घरांत कर्ता पुरुष बाहेर आहे तिथल्या बाईच्या चिठ्ठीवर खूण करा. त्यांचे आकडे वेगळे काढले की बँक, रेशन, बागेचे गडी या कामांचे तास दिसतात. ते नियमांच्या कोपऱ्यात एका ओळीत लिहा.

ओटीवरून
२६ जानेवारीची ग्रामसभा महिनाभरावर येते. तिच्या आधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती भिंतीसमोर भरवायची विनंती सरपंचांना आत्ताच लेखी द्या. गेरूत सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा निघाला तर मागणी नळाची, लाकूडफाट्याचा निघाला तर गॅसची. आकडे भिंतीवर समोर असतात, ठराव तिथेच लिहिता येतो.

चिरा-चुना
आणि मेअखेर भिंतीला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) लावायला विसरू नका. बांबूचा सांगाडा करून भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, टेकवून बांधलीत तर आत बुरशी धरेल. गणपतीनंतर पाऊस ओसरला की काढा. प्रत्येक रंग थोडा-थोडा झाकणबंद डब्यात शाळेत ठेवा आणि डब्यावर दुकानातला छटा-क्रमांक लिहा, डागडुजीला तोच लागेल.